न प्यालेली दारू आणि पोटातलं दूध

दारूचा थेंबही मी आयुष्यात कधी घेतला नाही. तरी एका सोमवारी मारुतीच्या पारावर, सगळ्या गावासमोर मी दारू सोडली. सरपंचांनी खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत माझी बायकोही होती.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. जाफराबादहून जीपनं अर्ध्या तासावरच्या एका गावात मी प्राथमिक शाळेवर मास्तर होतो. वय तेहतीस. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. आबांनी, म्हणजे माझ्या वडलांनी, खांड, म्हणजे मेंढरांचा कळप, मोडून थोडी जमीन घेतली आणि मला डी.एड. केलं. तरी दहा-बारा मेंढ्या त्यांनी ठेवल्याच होत्या. त्यांच्याशिवाय त्यांना झोप लागत नसे. मी अंगानं काटकुळा. लग्नात मुंडावळ्या बांधलेल्या मला पाहून बायकोच्या मावशीनं विचारलं होतं म्हणे, की नवरदेव आजारी आहे का?

त्यामुळे पोट दिसायला लागलं तेव्हा आधी सगळ्यांना आनंदच झाला. "गुरुजींना नोकरी मानवली," असं लोक म्हणायचे. सासूबाईंनी तर लेकीचं कौतुक केलं, की तुझ्या हाताला गुण आहे. पण पुढच्या सहा-आठ महिन्यांत पोट वाढत गेलं आणि हातपाय होते तसेच काड्या राहिले. पट्टा पोटावर बसेना म्हणून मी तो पोटाखाली बांधायला लागलो. अर्धी भाकरी खाल्ली की गच्च व्हायचं. संध्याकाळी पोटात काहीतरी खाली ओढल्यासारखं दुखायचं. खडू पडला तर वाकता येईना. पोरं धावून उचलून द्यायची. दुसरीतल्या एका पोरीनं सरळच विचारलं, "गुरुजी, तुमच्या पोटात काय हाय?"

"भाकर," मी म्हणालो.

"येवढी?"

शेवटी जाफराबादला डॉक्टरांकडे गेलो. बायको सोबत होती. डॉक्टर भला माणूस, पण बाहेर चाळीस पेशंट बसलेले. त्यांनी पोटावर बोटं वाजवून पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "किती घेता?"

"काय?"

"तेच."

"मी घेत नाही, डॉक्टरसाहेब."

"म्हणजे रोज नाही."

"कधीच नाही."

त्यांनी मान डोलावली आणि कागदावर इंग्रजीत काहीतरी लिहिलं. औषधाच्या दुकानात मी तो कागद वाचून घेतला. दुकानदारानं अर्थ सांगितला, "जलोदर, पोटात पाणी. आणि खाली लिव्हलंय, पेशंट दारूचं नाकारतो." घेत नाही आणि नाकारतो. मी भाषेचा मास्तर होतो, या दोन क्रियापदांमधलं अंतर मला तिथंच कळलं.

बायको दुकानाच्या पायरीवर उभी होती. तिनंही ऐकलं.  घरी आल्यावर म्हणाली, "माझे काका बी असंच म्हणायचे. घेत न्हाई म्हणून. मरेस्तोवर म्हणले."

तिचे काका जलोदरानंच गेले होते. दारूनं. त्यामुळे तिची भीती खोटी नव्हती, फक्त माझ्या बाबतीत चुकीची होती. त्या दिवसापासून मी शाळेतून आलो की ती पाण्याचा तांब्या द्यायला जरा जास्तच जवळ यायला लागली. वास घेते हे मला कळायचं. मी मुद्दाम तोंड उघडून श्वास सोडायचो. त्यानं तर ती आणखीच संशयात पडायची, की हा माणूस एवढी तयारी कशाला करतो?

डॉक्टरांनी मीठ बंद केलं, लघवीच्या गोळ्या दिल्या. लघवी भरपूर व्हायची. पोट तेवढंच.

आबांना कळलं तसे ते मेंढ्यांसकट आमच्याकडेच राहायला आले. मला खाटेवर उताणं झोपवलं, पोटावर दोन्ही तळहात ठेवले, मग डाव्या कुशीवर वळायला लावलं, मग उजव्या. मेंढी तपासतात तसंच. मग म्हणाले, "हे पाणी न्हाई."

"डॉक्टर म्हणतात पाणी आहे."

"मेंढीच्या पोटात पाणी झालं न, तर कुशीवर टाकली की पाणी खालच्या अंगाला उतरतं. वरची बाजू पडती. तुजं पोट जागचं हलंना. थैली हाय ही. मेंढरू कापल्यावर पाह्यलंय म्या, पातळ पडद्याची थैली, आत पाणी."

 माझ्या डी.एड.ला मेंढीचं निदान पटलं नाही. इतरांना तर ते ऐकायचंच नव्हतं, कारण तोवर गावाला माझं दुखणं समजलेलं होतं. जलोदर म्हणजे दारू. मास्तर चोरून पितो. कुठं पितो हे कुणी सांगू शकत नव्हतं, त्यामुळे तो फारच हुशारीनं पितो असं ठरलं.

एका संध्याकाळी सरपंच घरी आले. चहा झाला. मग म्हणाले, "गुरुजी, गावात लै चर्चा होऊन राह्यली. लेकरं तुमच्या हाताखाली हायेत."

"पण मी घेत नाही हो."

"आमाला माहीत हाय. तुमी सरळ माणूस. म्हणून तर म्हणतो, एकदा सोडून टाका."

"जी मी घेतच नाही ती सोडू कशी?"

"त्येच तर सोपं हाय गुरुजी," सरपंच म्हणाले. "घेणाऱ्याला जड जातं. तुमाला काय?"

मी बायकोकडे पाहिलं. ती दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. ती म्हणाली, "बराबर हाय. घेत नसाल तर सोडायला काय जातं तुमचं?"

  नाही म्हणालो असतो तर पुढे चालू ठेवायचीय असा अर्थ झाला असता.

सोमवारी पारावर लोक जमले. सरपंचांनी भाषण केलं, की चुका सगळ्यांकडूनच होतात, पण गुरुजींनी ती पदरात घेतली याला मोठं काळीज लागतं. मग मला उभं केलं. मी नारळ छातीशी धरून म्हणालो, "आजपासून मी दारू घेणार नाही." हे वाक्य अक्षरशः खरं होतं. मी घेतली नाही. पण ते म्हणताना मी मान खाली घातली, आणि लोकांना तो पश्चात्ताप वाटला. एक-दोन बायांनी पदर डोळ्यांना लावला.

तेवढ्यात मागून गर्दी ढकलत आमच्या गावचा वायरमन पुढे आला. चाळिशीचा, उंच, विजेच्या खांबावर माकडासारखा चढणारा, आणि उतरल्यावर बहुधा गुत्त्यावर सापडणारा. त्या दिवशीही चढलेलीच होती. तो माझ्या पायाशी बसला आणि रडत म्हणाला, "गुरुजींनी सोडली तर मी कोण? मी बी सोडली." लोक हसले. सरपंचांनी दुसरी शाल आणलेली नव्हती म्हणून माझीच अर्धी त्याच्या खांद्यावर टाकली.

मला वाटलं, सकाळी तो विसरेल. पण दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तो माझ्या ओट्यावर हजर. कपाळावर घाम, हात थरथरतायत.

"गुरुजी, ही टाइम लै वाईट हाय. तुमाला कसं होऊन राह्यलंय?"

इथं मी खरं सांगायला हवं होतं. पण त्याच्याकडे पाहून जीभ उचलेना. मी म्हणालो, "मलाही जडच जातंय."

"हात कापतेत का?"

"थोडे."

"तुमचे दिसंनात."

मी हात थोडे कापवले.

त्यानंतर तो रोज यायला लागला. गुत्त्याची वेळ टळेपर्यंत, तासभर बसायचा. बायको दोघांना चहा द्यायची आणि माझ्याकडे कौतुकानं पाहायची. इतक्या वर्षांत तिनं असं कधी पाहिलं नव्हतं. वायरमनला नाना शंका असायच्या. स्वप्नात बाटली येते का? जीभ कोरडी पडते का? चिडचिड होते का? मी प्रत्येक प्रश्नाला आधी त्यालाच विचारायचो, "तुमचं काय?" आणि तो सांगेल ते थोडं कमी करून माझं म्हणून सांगायचो. एकदा त्यानं विचारलं, "गुरुजी, तुमी बसत कुठं होता? मी सगळे अड्डे फिरलो, तुमी कधीच दिसला न्हाईत."

"घरीच," मी म्हणालो.

"वैनीला न कळता? कमाल हाय तुमची." त्याच्या डोळ्यांत खराखुरा आदर होता.

दोन महिने झाले, तीन झाले. त्याचा हात स्थिर झाला. गावातली वीज गेली की तासाभरात यायला लागली. आणि माझं पोट मात्र वाढतच होतं. मग गावात कुजबुज सुरू झाली, की मास्तरनं पुन्हा धरली. वायरमन पारावर जाऊन भांडला, "मी रोज संगं बसतो, वास तरी आला असता की न्हाई?"

चौथ्या महिन्यात श्वास पुरेना. जाफराबादच्या डॉक्टरांनी ठरवलं, सुईनं थोडं पाणी काढू. मला आडवं केलं, बेंबीच्या बाजूला बधिर केलं आणि जाड सुई घातली. मी छताकडे बघत होतो.  मग कंपाउंडर म्हणाला, "साहेब, हे तर दूध हाय."

मी मान उचलून पाहिलं. काचेच्या बाटलीत पांढरंशुभ्र, दाट दुधासारखं काहीतरी उतरत होतं.

डॉक्टर स्टुलावर बसले. चाळीस पेशंट बाहेर असूनही बसून राहिले. मग हळूच विचारलं, "गुरुजी, खरं सांगा. काय घेता तुम्ही?"

"दूध-भाकरी, साहेब."

त्यांनी ती बाटली उजेडात धरली. "वीस वर्षं झाली मला. दारूचं पाणी पिवळं असतं. हे मला कळत नाही. जालन्याला सोनोग्राफीचं मशीन आलंय, तिकडं जा." त्या एका वाक्यासाठी मी त्यांना बाकी सगळं माफ केलं. कळत नाही असं म्हणणारा डॉक्टर मी तोवर पाहिला नव्हता.

कंपाउंडर आमच्या शेजारच्या गावचा. मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. मास्तरच्या पोटातून दूध निघालं. गावाचे दोन तट पडले. एक म्हणायचा, माणूस पुण्यवान आहे, आपण उगाच नाव ठेवलं. एका म्हातारीनं तर येऊन माझ्या पायावर डोकं ठेवलं. दुसरा तट म्हणायचा, हा दारू दुधात मिसळून प्यायचा, म्हणून तर वास येत नव्हता.

दूध डेअरीचे सचिव संध्याकाळी आले. शांत, हिशोबी माणूस. खाटेजवळ बसले, तब्येतीची चौकशी केली आणि मग जरा संकोचून विचारलं, "गुरुजी, फॅट किती लागली?"

"मोजली नाही."

"बाटली ठिवली असती तर मी मोजली असती," ते हळहळून म्हणाले. ते चेष्टा करत नव्हते.

जालन्याला जायला वायरमनच सोबत आला. त्यानं रजा टाकली होती. बायकोला आमची दोन पोरं आणि आबांची मेंढरं बघायची होती, कारण आबा तेव्हा माझ्या काळजीनं अर्धे झाले होते. सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर सगळ्या गरोदर बाया आणि मध्ये मी. पोट सगळ्यांत मोठं माझंच. तांब्याभर पाणी पिऊन लघवी धरून बसायला सांगितलेलं. शेजारच्या बाईनं सरकून मला जागा दिली आणि मग स्वतःच्याच वागण्याला हसू आल्यानं तोंडावर पदर घेतला.

मशीनवरच्या डॉक्टरांनी पोटावर थंड जेली लावली, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हे मोकळं पाणी नाहीच. एक मोठी थैली आहे, आत पातळ पातळ पडदे आहेत. मोसंबी सोलून फोडी बघितल्यात ना? तसे कप्पे आहेत. लिव्हर एकदम चांगलं आहे तुमचं." मग चष्म्यावरून बघत म्हणाले, "कुशीवर वळल्यावर हे जागचं हलत नाही, हे आधी कुणाच्या लक्षात आलं नाही?"

"आलं होतं," मी म्हणालो. "वडलांच्या."

"डॉक्टर आहेत?"

"मेंढपाळ."

त्यांनी औरंगाबादच्या एका सर्जनला चिठ्ठी दिली. आम्ही दुसऱ्याच दिवशी एसटीनं तिकडं गेलो. सर्जन बुटके, सावकाश बोलणारे. मास्तर आहे म्हटल्यावर त्यांनी मला मास्तरासारखं समजावलं, पाटीवर काढून दाखवावं तसं कागदावर काढून.

"रक्ताच्या नळ्या तुम्हाला माहीत आहेत. तशाच आणखी एका रसाच्या नळ्या अंगभर असतात. लसिकावाहिन्या म्हणायचं त्यांना. पेशींमधून पाझरलेलं जास्तीचं पाणी त्या गोळा करतात आणि परत रक्तात नेऊन सोडतात. आतड्याजवळच्या नळ्यांना आणखी एक काम असतं. जेवणातलं तूप-तेल उचलायचं. म्हणून तिथला रस दुधासारखा पांढरा दिसतो."

"म्हणजे ते दूध…"

"तुम्ही खाल्लेलं लोणी. आता काय होतं, काही माणसांत आईच्या पोटातच यातल्या थोड्या नळ्या मुख्य नळीला जोडल्या जात नाहीत. रस येत राहतो, जायला वाट नाही. त्या फुगत जातात. कुणाचं लहानपणी कळतं, कुणाचं तुमच्यासारखं तिशीत."

मी घाबरत विचारलं, "कॅन्सर?"

"दिसत तरी तसं नाही. साधी गाठ वाटते, तपासून नक्की सांगू. साधी म्हणजे ती दुसरीकडे जाऊन उगवत नाही. पण जागा खाते. पीळ पडू शकतो, आत रक्त उतरू शकतं, पू होऊ शकतो. सुईनं रिकामी केली तर परत भरते. म्हणून काढायची, आणि पूर्ण काढायची. तुकडा मागं राहिला की तोच पुन्हा वाढतो."

मग त्यांनी केसपेपर पुढे ओढला. नाव, वय, गाव. "तंबाखू?" "नाही." "दारू?"

"नाही. आयुष्यात कधीच नाही."

"बरं," ते म्हणाले, आणि लिहिलं. मी वाकून पाहिलं. मराठीत लिहिलं होतं. दारू, नाही. बस्स. एवढा छोटा शब्द, पण माझे डोळे भरून आले. इतक्या महिन्यांत माझ्या शब्दावर पहिल्यांदाच कुणीतरी विश्वास ठेवला होता.

मग मला आठवलं की वायरमन मागं उभा आहे. माझी पिशवी त्याच्या हातात होती. मी वळून पाहिलं. त्याचा चेहरा खांबावरचा दिवा गेल्यासारखा झाला होता. त्यानं पिशवी भिंतीला टेकवून ठेवली आणि खोलीबाहेर गेला.

मला भरती करून घेतलं. तो त्या दिवशी आला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. बायको आणि आबा आले. मी बायकोला काही सांगितलं नाही. मला नक्की ठाऊक होतं की तो कुठल्यातरी गुत्त्यावर बसला असणार, आणि त्याला तिथं मी बसवलं होतं. ऑपरेशनच्या टेबलावर भूल चढेपर्यंत माझ्या मनात पोट नव्हतंच.

जाग आली तेव्हा दुपार होती. पोट सपाट. त्यावर जाड पट्टी. खाटेशेजारी स्टुलावर वायरमन बसलेला. दाढी वाढलेली, डोळे लाल. मी आधी त्याच्या हातांकडे पाहिलं. ते स्थिर होते.

"गुत्त्यावर गेल्तो," तो म्हणाला. "स्टँडमागं. ग्लास भरून पुढं ठिवला. म्हणलं, गुरुजींनी फसिवलं. मंग इचार केला, गुरुजी पीतच नव्हते, तर चार महिने ओट्यावर घाम कुणाला फुटत होता? मलाच की."

त्यानं ओल्या कापसानं माझे ओठ ओले केले.

"म्हणजे दोघाची दारू मी एकट्यानं सोडली," तो म्हणाला. "ग्लास तसाच ठिवला आन् उठलो. दोन दिवस हितं शहरातच फिरत व्हतो. राग लै आल्ता तुमचा. अजून हाय." त्यानं स्टूल खाटेजवळ ओढलं. "एक काम करा. गावात सांगू नका, तुमी पीत नव्हता म्हणून. तुमची खोटी निघाली तर माझी खरी कोण मानील?"

मी मान हलवली. टाक्यांमुळे हसता येत नव्हतं, रडता तर मुळीच नाही.

सर्जननी काढलेली थैली आबांना परातीएवढ्या ट्रेमध्ये दाखवली. आतड्यावरून लोंबणाऱ्या चरबीच्या पडद्याला ती धरलेली होती. आतडं सोडवून ती अख्खी निघाली होती. आबांनी वाकून, न घाबरता नीट पाहिली. "लै साफ काढली," ते सर्जनना म्हणाले, एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं.  मी तुला सांगितलं होतं, असं त्यांनी मरेपर्यंत कधीही म्हटलं नाही.

तपासणीचा कागद यायला दहा-बारा दिवस लागले. गाठ साधीच होती. कागदावर रसात चरबी भरपूर असल्याचंही लिहिलं होतं. गावी गेल्यावर मी तो डेअरीच्या सचिवांना मुद्दाम दाखवला. त्यांनी आकडा दोनदा वाचला आणि "म्हशीच्या वर," असं काहीसं पुटपुटत समाधानानं परत दिला. दोन्हींची मोजायची रीत वेगळी आहे हे मी त्यांना सांगितलं नाही.

बायकोला 'गाठ' या शब्दाची धास्ती होती. साधी असली तरी गाठच ना, म्हणायची. तिला आबांनी समजावलं. "पाटाला चाऱ्या, पाण्याच्या बारक्या वाटा, असतेत न बाई? येखाद्या चारीचं तोंड पाटाला लागलंच न्हाई, तर पाझर येऊन येऊन तिथंच तळं व्हतं. त्यात पाण्याचा काय गुन्हा न्हाई, जमिनीचा बी न्हाई. तळं काढून टाकलं. झालं."

त्या दिवशी ती भाकरी थापत होती. मग तव्याकडे बघतच म्हणाली, "अहो, काकांना बी अशीच थैली असंल का?"

मी म्हणालो, "माहीत नाही." काका प्यायचे हे सगळ्या गावानं पाहिलं होतं. पण मला नक्की माहीत नाही असंच मी म्हणालो, आणि तिनं भाकरी उलटली. माफी तिनं मागितली नाही. मीही वाट पाहिली नाही. पण त्यानंतर तांब्या द्यायला ती पूर्वीच्याच अंतरावरून यायला लागली, आणि मला ते अंतर जरा चुकल्यासारखं वाटलं.

मी सपाट पोटानं शाळेत रुजू झालो तेव्हा गावानं एकच अर्थ काढला, की दारू सुटली आणि पोट उतरलं. सरपंचांनी ग्रामसभेत माझं उदाहरण दिलं. टाके दाखवावेत असं दोन-चारदा मनात आलं, पण वायरमन समोरच बसलेला असायचा.

मग बाया नवऱ्यांना घेऊन माझ्या ओट्यावर यायला लागल्या. आसपासच्या गावांतूनसुद्धा. गुरुजी, यांना दोन शब्द सांगा. मी खुर्चीत बसायचो आणि गंभीर चेहरा करायचो. माणूस विचारायचा, "पहिले आठ दिवस कसे काढले?" मी म्हणायचो, "ते हे सांगतील," आणि वायरमन पुढे सरकायचा. तो सगळं खरं सांगायचा, घाम, थरथर, स्वप्नं, ग्लास भरून ठेवून उठलेली दुपारसुद्धा. फक्त "गुरुजी आन् मी" असं म्हणायचा. काहींची सुटली. बऱ्याच जणांची नाही सुटली. पण ओट्यावर चहाला माणसं यायची, आणि मी पुढची सात-आठ वर्षं गावातला सगळ्यात अनुभवी न प्यालेला दारुडा होतो.

दर वर्षी जालन्याला जाऊन सोनोग्राफी करायचो. थैली परत आली नाही. नंतर माझी बदली परतूरकडे झाली. वायरमनचं पत्र दिवाळीला यायचं. अक्षर खांबासारखं सरळ.

परतूरकडच्या त्या शाळेत, दोन हजार सालाच्या आसपास, एक बाई तान्हं मूल कडेवर घेऊन मोठ्या मुलाचं नाव घालायला आली. बाळाच्या मानेच्या एका बाजूला लिंबापेक्षा मोठी, मऊ सूज होती. पदरानं ती झाकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "पोटुशी असताना गिराणात भाजी चिरली म्या, सासू म्हणती. म्हणून झालं. अंगारे लावून राह्यलो."

मी तिला बाकावर बसवलं. बॅटरी आणली, खिडकी लावून घेतली आणि सुजेच्या मागून उजेड धरला. सूज कंदिलासारखी लालसर उजळली. आत पाणी होतं. असं उजेड धरून बघतात हे मला त्या सर्जननीच एका तपासणीच्या वेळी दाखवलं होतं, आणि लहान लेकरांना हीच थैली जास्त करून मानेला येते हेही. मी मास्तर होतो, डॉक्टर नव्हतो. म्हणून एवढंच म्हणालो की मला असं वाटतंय, पण डॉक्टरला दाखवलंच पाहिजे, आणि लवकर. मग फळ्यावर एक पाट काढला, त्याला चाऱ्या काढल्या, आणि एक चारी पाटाला न जोडता तशीच सोडली. वर्गातली पोरं माना उंचावून बघत होती. बाईही बघत होती.

"हे आईच्या पोटातच होतं," मी म्हणालो. "भाजीचा काही संबंध नाही. ग्रहणाचाही नाही."

तिनं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं. "म्हंजे मी काय केलं न्हाई?"

"बिलकुल नाही."

"हे आमच्या घरी येऊन सांगताल का?"

शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेलो. सासू, सासरा, नवरा, दीर सगळे ओसरीत बसले होते. मी कागदावर परत पाट काढला. सासूबाईंनी शेवटपर्यंत मान हलवली नाही, पण नवऱ्यानं कागद घडी करून खिशात ठेवला आणि सोमवारी ते रेल्वेनं औरंगाबादला गेले. दीड वर्षाचं झाल्यावर त्या मुलाचं ऑपरेशन झालं. मानेवर एक बारीक पांढरी रेघ राहिली. पुढे तो माझ्याच वर्गात आला, तिसऱ्या रांगेत बसायचा, पाढे चुकायचा आणि दिवसभर शेजाऱ्याशी बोलत राहायचा. मला त्याला कितीदा तरी गप्प करावं लागे.